बार्सिलोनाहून फ्लोरिडाला बोटीने: जहाजाच्या जागाबदल फेरीत पहिल्यांदाच अटलांटिक ओलांडावा का?

गोदाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार.

मी आणि माझे यजमान नाशिकला राहतो. दोघेही निवृत्त आहोत. माझे वय 64 आणि त्यांचे 68. मुलगी आणि जावई ऑर्लँडोला असतात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात आमची अमेरिकेची फेरी ठरलेली असते. मात्र विमानातले ते वीस-बावीस तास आता अंगावर येतात. मागच्या खेपेला यजमानांचे पाय इतके सुजले होते की तिथे पोचल्यावर चार दिवस त्यांच्या पायात चप्पल चढत नव्हती.

यंदा जावयांनी एक वेगळीच कल्पना मांडली आहे. आम्ही मुंबईहून बार्सिलोनापर्यंत विमानाने यावे, तिथे दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुटणाऱ्या क्रूझने थेट पोर्ट कॅनॅव्हरलला उतरावे, असे ते म्हणतात. त्या बंदरापासून त्यांचे घर मोटारीने तासाभरावर आहे. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी मोठी जहाजे थंडी सुरू झाली की कॅरिबियनकडे नेतात आणि ती रिकामी नेण्याऐवजी स्वस्तात प्रवासी घेऊन नेतात, त्यालाच रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आम्ही पाहत असलेली फेरी चौदा रात्रींची आहे. बार्सिलोनानंतर मालागा, कादिझ आणि तेनेरिफ बेटावरचे सांता क्रूझ असे तीन थांबे आहेत आणि त्यानंतर आठ दिवस फक्त पाणी.

बोटीचा माझा अनुभव म्हणजे लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आजोळी वेंगुर्ल्याला जाणारी बोट, एवढाच. त्या बोटीत आईला हटकून बोट लागत असे, आणि ती डोक्याला रुमाल घट्ट बांधून, लिंबू हुंगत रात्रभर पडून राहिलेली मला अजून दिसते. मलाही घाटात गाडी लागते. त्यामुळे पहिली भीती तीच. दुसरे असे की आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. आठ दिवस पाव आणि उकडलेल्या भाज्यांवर काढावे लागतील का? तिसरी शंका व्हिसाची आहे. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आमच्याकडे आहे, युरोपचा नाही. आणि चौथी गोष्ट, जी यजमान बोलून दाखवत नाहीत पण मला कळते, ती म्हणजे त्यांचा रक्तदाब; भर समुद्रात काही झाले तर काय करायचे?

ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी आपले खरे अनुभव सांगावेत, ही विनंती. जाहिराती आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत.

दर्यावर्दी यांचे उत्तर

ताई, नमस्कार. तुमचे आजोळ वेंगुर्ल्याचे, माझे घरही तिथून फार लांब नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अकरा वर्षे क्रूझ जहाजांवर भोजनकक्षात काम केले. त्या काळात अटलांटिक किती वेळा ओलांडला याचा हिशेब ठेवला नाही, पण वर्षातून दोनदा ही फेरी व्हायचीच: एप्रिलच्या सुमारास युरोपकडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत अमेरिकेकडे.

प्रवाशाने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. ही फेरी मुळात प्रवाशांसाठी आखलेली नसते. जहाजाला त्या तारखेला पलीकडे पोचायचेच असते. इंधन जळणारच असते, आम्हा हजार-बाराशे कामगारांचे पगारही चालूच असतात. वाटेत बंदरे कमी, म्हणून बंदरांचे शुल्कही कमी. उलट समुद्रात असताना जहाजावरची दुकाने आणि जुगारघर रोज उघडे राहते. तिकीट स्वस्त लावणे कंपनीला परवडते ते यामुळे. शाळा चालू असल्याने मुले जवळपास नसतात. प्रवासी बहुतेक तुमच्याच वयाचे किंवा त्याहून मोठे, आणि त्यांतले निम्मे लोक ही फेरी पूर्वी केलेले असतात. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते एकमेकांना ओळखीची हाक मारतात, तेव्हा नवख्या माणसाला आपण कोणाच्या तरी घरच्या कार्याला आगंतुक म्हणून आल्यासारखे वाटते. दोन दिवसांत ते वाटणे जाते.

आता बोट लागण्याविषयी. तुम्ही निवडलेली दिशा आणि वाट दोन्ही चांगल्या आहेत. तेनेरिफपासून फ्लोरिडापर्यंत सुमारे 3,350 सागरी मैल, म्हणजे 6,200 किलोमीटर अंतर आहे आणि त्या पट्ट्यात व्यापारी वारे ईशान्येकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतात. कोलंबस याच वाऱ्यांच्या भरवशावर गेला होता. 1492 च्या 6 सप्टेंबरला त्याने कॅनरी बेटांतले गोमेरा सोडले आणि 12 ऑक्टोबरला त्याला पलीकडची जमीन दिसली, म्हणजे 36 दिवस लागले. तुम्हाला साडेआठ लागतील. मागून येणारी लाट जहाजाला सावकाश उचलते आणि सावकाश खाली ठेवते. समोरून येणारी लाट आपटते. एप्रिलात युरोपकडे जाताना जहाजे बहुधा आणखी उत्तरेची, अझोर्स बेटांजवळची वाट धरतात आणि तिथला समुद्र थंड व खवळलेला असू शकतो. उत्तर अटलांटिकमधून न्यूयॉर्क आणि साउथॅम्प्टनच्या दरम्यान सात रात्रींत जाणारे क्वीन मेरी 2 हे जहाज वेगळ्या जातीचे आहे. ते नेहमीच त्या वाटेवर धावण्यासाठी बांधलेले आहे, त्याची तुलना या फेरीशी करू नये.

वादळांचा हंगाम अटलांटिकमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरतात, त्यामुळे तुमची तारीख त्याच्या शेपटाला येते. खरा जोर सप्टेंबरात असतो. नोव्हेंबरात एखादे वादळ उठले तरी कप्तानाला ते चार-पाच दिवस आधी कळलेले असते आणि तो वाट वाकडी करतो. त्यात पोचायला उशीर होऊ शकतो, किंवा एखादे बंदर गाळले जाते.

खोली घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. सी-सॉच्या मधोमध बसलेल्या मुलाला जसे कमी हलते, तसेच हे आहे. जहाजाच्या पोटाला पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडचे डोलणे कमी करतात, पण पुढचे-मागचे वरखाली होणे त्यांना थांबवता येत नाही. ते नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाच्या, खोलीत सर्वांत जास्त जाणवते. नकाशावर आणखी एक गोष्ट बघा: खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. स्वयंपाकघराच्या खाली खोली आली तर पहाटे साडेचारपासून ट्रॉल्यांची घरघर ऐकू येते. ती घरघर करणाऱ्यांत मी होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

औषधाबद्दल म्हणाल तर आपल्याकडची अव्होमीन पुष्कळांना लागू पडते. मात्र ती उलट्या सुरू झाल्यावर नव्हे, तर आधी घ्यायची असते, आणि तिने झोप येते. यजमानांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर या जातीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आल्याच्या वड्या बरोबर ठेवा. आम्ही स्वतः हिरवे सफरचंद आणि कोरडी बिस्किटे खायचो. पोट रिकामे ठेवले तर जास्त त्रास होतो. समुद्र कसा होणार आहे हे कोणी सांगण्याआधी ओळखायचे असेल तर लिफ्टच्या बाजूला नजर टाका. कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या आणि पोहण्याच्या तलावाचे पाणी सोडून दिलेले दिसले, तर रात्री हलणार हे समजावे. आम्ही अशा रात्री टेबलक्लॉथवर पाणी शिंपडून तो ओलसर करायचो, म्हणजे ताटल्या घसरत नसत.

जेवणाची काळजी सर्वांत कमी करा. आरक्षण करतानाच आहाराच्या रकान्यात शाकाहारी, अंडे नको, असे लिहून द्या आणि पहिल्याच रात्री भोजनकक्षाच्या मुख्य वाढप्याला प्रत्यक्ष भेटून सांगा. बहुतेक मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात आपले लोक असतात. गोव्याचे, मुंबईचे, आमच्या सिंधुदुर्गाचे. दुसऱ्या दिवशीच्या जेवणात काय हवे हे आदल्या रात्री सांगितले की डाळ, भात, एखादी भाजी आणि पोळीसदृश काहीतरी येते. त्याला घरची चव नसते, मसाला सगळ्या भाज्यांत एकच असतो, पण पोट भरते. अंड्याचा खरा धोका जेवणात नसून गोड पदार्थांत आहे, तिथे प्रत्येक वेळी विचारा. ताजी पालेभाजी सहाव्या-सातव्या दिवसानंतर कमी होत जाते आणि तिची जागा कोबी, गाजर, बटाटा घेतात. वीजेची किटली आणि इस्त्री मात्र बरोबर नेऊ नका. आगीच्या भीतीने या वस्तू सामान तपासतानाच काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. दर फेरीला आठ-दहा किटल्या जमा होत आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या लोकांच्या असत. चिवडा, खाकरे, बाकरवडी अशी बंद पाकिटे चालतात. फ्लोरिडात उतरताना जे उरले असेल ते अधिकाऱ्याला विचारण्याआधी सांगून टाका आणि जहाजावरचे फळ पिशवीत राहू देऊ नका.

घड्याळाची गंमत तुम्हाला आवडेल. बार्सिलोना आणि फ्लोरिडा यांच्यात नोव्हेंबरात सहा तासांचा फरक असतो. पश्चिमेकडे जाताना तो एकदम अंगावर न येता सहा रात्रींत वाटला जातो. दर वेळी घड्याळ एक तास मागे आणि दिवस पंचवीस तासांचा. मुलीकडे पोचाल तेव्हा झोप आधीच तिथल्या वेळेला बसलेली असेल. उलट्या दिशेने हाच हिशेब तेवीस तासांचा होतो आणि आम्हा कामगारांची तो तास गेल्यावर जी चिडचिड व्हायची ती विचारू नका. काही जहाजांवर म्हणूनच दुपारी बाराला एक वाजवून टाकतात, म्हणजे निदान रात्रीची झोप वाचते.

अटलांटावासी यांचे उत्तर

दर्यावर्दींनी समुद्राची बाजू उत्तम सांगितली आहे. मी कागदपत्रे, पैसे आणि आजारपण यांविषयी लिहिते, कारण या तिन्ही बाबतींत आम्ही ठेचा खाल्ल्या आहेत. आम्ही दोघे भारतीय पारपत्रावर आणि अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर इथे राहतो आणि एका एप्रिलमध्ये फ्लोरिडाहून बार्सिलोनाला याच प्रकारे गेलो होतो.

व्हिसा प्रथम. तुमचे तिन्ही थांबे स्पेनमध्येच आहेत आणि कॅनरी बेटेही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडतात, त्यामुळे स्पेनचा शेंगेन व्हिसा काढावा लागेल. भारतात त्याचे अर्ज बीएलएस या कंपनीच्या केंद्रांत स्वीकारतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो व्हायला हवा, पण नोव्हेंबरच्या प्रवासासाठी तुम्ही ऑगस्टच्या पुढे थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्जासोबत किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा, बार्सिलोनातील हॉटेलचे आरक्षण आणि क्रूझचे आरक्षणपत्र जोडा. तुम्ही युरोपातून विमानाने परत येत नसून जहाजाने अमेरिकेला जाणार आहात, हे सोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा आणि अमेरिकेच्या व्हिसाची प्रत लावा. नाहीतर परतीचे तिकीट कुठे आहे, हा प्रश्न येतोच.

व्हिसा शक्यतो बहुप्रवेशाचा मागा. जहाज मध्येच मोरोक्कोच्या बंदराला लागून पुन्हा स्पेनमध्ये आले, तर तो दुसरा प्रवेश ठरतो. तुमच्या वाटेवर आज असे बंदर नाही, पण वेळापत्रके बदलतात. आमच्या वेळी पोर्तुगालची अझोर्स बेटे, मग मोरोक्कोतले टँजियर आणि शेवटी बार्सिलोना असा क्रम होता. रांगेत आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका भारतीय जोडप्याकडे एकप्रवेशाचा व्हिसा होता. काउंटरवरच्या मुलीने पारपत्राचे ते पान तीनदा उलटून पाहिले, वरिष्ठांना बोलावले आणि नंतर त्या दोघांच्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून बाजूला ठेवल्या. जहाज सुटले तेव्हा ते धक्क्यावरच्या बाकावर बसलेले होते. तिकिटाचे पैसे अशा वेळी परत मिळत नाहीत.

पैशांबाबत माझे मत दर्यावर्दींपेक्षा थोडे कडू आहे. ही सहल स्वस्त असते हे अर्धेच खरे आहे. आमचे बाल्कनीच्या खोलीचे भाडे 14 रात्रींसाठी माणशी 1,100 डॉलर होते, म्हणजे रात्रीला 79 डॉलर. त्यावर बंदरांचे कर व शुल्क माणशी 150 डॉलर, आणि रोजची सक्तीची म्हणावी अशी बक्षिसी माणशी 18 डॉलर, म्हणजे 252. दोघांचे मिळून 3,004 डॉलर झाले आणि रात्रीचा आकडा माणशी 107 वर गेला. एका फोनपुरते इंटरनेट घेतले त्याचे 280 वेगळे. बार्सिलोनातील हॉटेल आणि परतीचे एकेरी विमान यांचा खर्च मी यात धरलेलाच नाही. एकट्याने जाणाऱ्याला तर बहुधा दोघांचेच भाडे भरावे लागते. तुम्ही मुंबई ते बार्सिलोना आणि ऑर्लँडो ते मुंबई अशी दोन एकेरी तिकिटे काढू नका; एकाच आरक्षणात मल्टी-सिटी म्हणून दोन्ही टप्पे शोधा, पुष्कळदा त्यात बराच फरक पडतो. आणि जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोचणारे विमान तर मुळीच घेऊ नका. दोन दिवस आधी जाण्याचा तुमच्या जावयांचा बेत शहाणपणाचा आहे.

फोन जहाजावर चढताच फ्लाइट मोडमध्ये टाका. किनारा दूर गेला की फोन जहाजाचे उपग्रहावर चालणारे मोबाइल जाळे आपोआप पकडतो आणि त्याचे बिल साध्या रोमिंगच्या कैक पट येते. वाय-फाय त्याच अवस्थेत चालू करता येते.

आता तुमच्या चौथ्या शंकेबद्दल, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किनारा सोडल्यानंतरच्या पाचव्या दिवशी माझे यजमान जिन्यात घसरले आणि मनगटावर पडले. जहाजावर दवाखाना असतो, तिथे डॉक्टर, परिचारिका आणि क्ष-किरण यंत्रही होते. हाड मोडल्याचे तिथेच कळले, तात्पुरते प्लास्टर घातले गेले आणि शल्यविशारदाची भेट बार्सिलोनात झाली. बिल सुमारे 1,800 डॉलर झाले. ते लगेच आमच्या खोलीच्या खात्यावर पडले. विमा कंपनी तिथे समोर नसते, आपण आधी भरायचे आणि नंतर मागायचे. मी डॉक्टरांची सही असलेले, प्रत्येक बाब वेगळी दाखवणारे बिल मागून घेतले होते, म्हणून दोन महिन्यांनी सर्व रक्कम मिळाली.

हे हाडावर निभावले. हृदयाचा झटका असता तर काय, हा विचार त्या रात्री मी केला होता. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठरावीक पल्ल्यापर्यंतच येऊ शकते. मध्यभागी दोन-तीन दिवस असे असतात की जहाजावरचे डॉक्टर हेच सर्व काही. म्हणून यजमानांचा रक्तदाब गोळ्यांनी स्थिर असेल तर जरूर जा, पण गेल्या काही महिन्यांत औषध बदलले असेल, छातीत दुखले असेल किंवा दम लागत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला नकाशा दाखवून, किती दिवस जमिनीपासून दूर असणार हे सांगून, मग निर्णय घ्या. विमा घेताना आधीपासूनचा आजार लपवू नका, आणि क्रूझवरील उपचार व रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का हे लेखी विचारा. गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवसांच्या जास्त न्या. त्या हातातल्या पिशवीत असू द्या, कारण पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा खोलीत संध्याकाळपर्यंत येत नाहीत.

आणखी एक. जेवणाआधी हात साबणाने धुवा. दारावरच्या सॅनिटायझरवर विसंबू नका, कारण जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही.

बंदरप्रेमी यांचे उत्तर

सगळेजण कौतुकच करत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी दोन वर्षांपूर्वी लिस्बनहून मायामीला असाच गेलो आणि पुन्हा जाणार नाही. समुद्र शांत होता, जेवण उत्तम होते, कर्मचारी अतिशय सौजन्याने वागत होते. पण मला सहलीत गावे लागतात, बाजार लागतात, अनोळखी गल्लीत चुकायला आवडते. आमचा फुंशालचा थांबा लाटांमुळे रद्द झाला, त्याबद्दल फक्त बंदराचे शुल्क खात्यात परत आले आणि त्यापुढे नऊ दिवस जमीन दिसली नाही. चौथ्या दिवशी मी बरोबर नेलेले पुस्तक संपवले, पाचव्या दिवशी प्रश्नमंजूषेत गेलो, जिथे अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे सगळे प्रश्न होते, आणि सहाव्या दिवशी चालण्याच्या डेकवर किती फेऱ्या मारल्या हे मोजू लागलो. पत्नी मात्र विणकामाच्या गटात रमली होती आणि ती उतरायला तयार नव्हती.

तेव्हा ताई, तुम्ही दोघांनी एकमेकांना खरे विचारा. पावसाळ्यात आठ दिवस घराबाहेर पडता आले नाही, तर तुमच्या घरी काय होते? तेच तिथे होईल, फक्त खिडकी मोठी असेल.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बंदरप्रेमींचा प्रश्न मी यजमानांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते म्हणाले, पावसाळ्यात मी पेपर वाचतो आणि तू माझ्यावर वैतागतेस. यावर मला काही बोलता आले नाही.

हृदयरोगतज्ज्ञांकडे आम्ही काल जाऊन आलो. त्यांनी ईसीजी आणि टू-डी इको करून घेतले, गोळ्या गेल्या दीड वर्षात बदललेल्या नाहीत हे पाहिले आणि हरकत नाही म्हणाले. मिठावर मात्र लक्ष ठेवायला सांगितले आहे. यजमानांना प्रोस्टेटचा त्रास आहेच, त्यामुळे दर्यावर्दींच्या सूचनेप्रमाणे अव्होमीनचा विषय काढला, तर डॉक्टरांनी त्यांच्यापुरती ती नको असेच सांगितले. मी स्वतः घेऊ शकते. जावयांनी मल्टी-सिटीचे दर पाहिले. दोन एकेरी तिकिटांपेक्षा ते खरोखरच कमी आहेत. व्हिसाच्या अर्जासाठी जुलैअखेरची वेळ घेत आहोत.

आता दर्यावर्दींना दोन शेवटच्या शंका विचारते. मध्यावरच्या बाल्कनीच्या दोन खोल्या सारख्याच भाड्यात उरल्या आहेत, एक डाव्या बाजूची आणि एक उजव्या बाजूची. यांत काही फरक पडतो का, की उगीच विचार करत बसले आहे? आणि आठ दिवस बघायला खरोखर काही असते का?

दर्यावर्दी

ताई, फरक पडतो, आणि हा प्रश्न विचारणारे प्रवासी मला अकरा वर्षांत फार थोडे भेटले.

तुम्ही पश्चिमेकडे जाणार, म्हणजे जहाजाची डावी बाजू दक्षिणेला राहणार. नोव्हेंबरात त्या अक्षांशावर सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच कललेला असतो. डावीकडच्या बाल्कनीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन येईल, उजवीकडे सावली. पहिले दोन-तीन दिवस हवेत गारवा असतो तेव्हा डावी बाजू बरी वाटते. पण जसजसे पलीकडे जाल तसतशी हवा उबदार आणि दमट होत जाते आणि मग उजवीकडचे लोक बाहेर बसलेले दिसतात, डावीकडचे पडदे ओढून आत. यजमानांना पेपर वाचायचा आहे, तर उजवी घ्या. वाऱ्याची भीती बाळगू नका. जहाज पश्चिमेला जाते साधारण सोळा-सतरा नॉटने, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, आणि वारा मागून येतो जवळपास तेवढ्याच वेगाने, त्यामुळे कित्येकदा बाल्कनीत वारा नसल्यासारखाच असतो आणि कागदाचे पानही उडत नाही.

बघण्यासारखे असते, पण ते खाली बघावे लागते. तेनेरिफ सोडल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी लवकर सर्वांत खालच्या उघड्या डेकवर जा आणि कठड्याशी उभे राहून जहाजाच्या अंगालगतचे पाणी पाहत राहा. नाळेने फाकलेल्या लाटेतून उडणारे मासे निघतात, बोटभर ते वीतभर लांबीचे, आणि पंख ताठ करून पाण्यावरून सरळ लांब जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पाखरांचे थवेच वाटतात. पुढे पिवळट तपकिरी रंगाचे सारगॅसम शेवाळ दिसू लागते, आधी मुठीएवढे पुंजके आणि मग वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब पट्टे. रोज दुपारी बाराला कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाज कुठे आहे, कालपासून किती मैल आलो आणि खाली पाणी किती खोल आहे हे सांगतो. आमच्या एका कप्तानाने खोली पाच हजार मीटरच्या वर सांगितली की भोजनकक्षातल्या म्हाताऱ्या बायका हमखास चमचे खाली ठेवून खिडकीबाहेर बघायच्या.

आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याकडे जाल तेव्हा स्वयंपाकघरात मालवण-वेंगुर्ल्याकडचा कोणी आहे का, हे त्याला विचारा. असला तर त्याला आजोळचे गाव सांगा. सोलकढी कोणत्याही यादीत नसते, पण आमसुले तो घरून घेऊन आलेला असतो.